रहीमसाहेबांची शाळा

मंडळी, खेळाची गोष्ट निघाली की आपण बहुधा खेळाडूचं नाव घेतो. अमक्याने गोल मारला, तमक्याने पकड केली, फलाण्याने हरता डाव वाचवला. पण ज्याने त्या साऱ्यांना पहाटे उठवून मैदानावर आणले, कोणी कुठे उभे राहायचे हे ठरवले, रुसलेल्याची समजूत काढली आणि फुगलेल्याचा कान धरला, तो मनुष्य मैदानाच्या कडेला उभा असतो, आणि गोष्टीतही कडेलाच राहतो. आज अशाच एका कडेच्या माणसाची हकीकत आपल्यापुढे मांडायची आहे. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. राहणार हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. म्हणून, शिक्षक बंधुभगिनींनो, ही हकीकत विशेषेकरून आपली आहे.

फुटबॉल हा आपल्या बहुतेक खेड्यांचा खेळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. (कोल्हापूरकर हे ऐकून रागावतील. त्यांच्याकडे तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि पेठापेठांतली चुरस काय असते ते त्यांनाच विचारावे!) आपला जीव हुतुतूत, खोखोत आणि कुस्तीत. पण आज जे सांगायचे आहे ते चेंडूबद्दल थोडे आणि अकरा माणसांचा एक संघ कसा होतो याबद्दल जास्त आहे. तेव्हा फुटबॉल ठाऊक नाही म्हणून कोणी उठून जाऊ नये.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. त्या वेळचे हैदराबाद म्हणजे निजामाचे संस्थान. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले मराठवाड्याचे पाचही जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते, आणि १९५६ पर्यंत त्यांचा कारभार हैदराबादहूनच चाले. म्हणजे हा मनुष्य काही फार दूरचा नव्हे. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांतून त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी सांभाळली. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळाडू होते. पण चांगला खेळणारा पुष्कळदा चांगला शिकवणारा नसतो. त्याला जे आपसूक येते ते दुसऱ्याला का येत नाही, हेच त्याला उमगत नाही. रहीमसाहेबांचे तसे नव्हते. ते आधी मास्तर, मग बाकी सगळे.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. मुलांना चेंडू मिळाला की ती काय करतात हे आपण पाहतोच. ज्याच्या पायाशी चेंडू येतो तो मान खाली घालतो आणि एकटाच पळत सुटतो. साथीदार हाका मारून थकतात, पण हा चेंडू सोडत नाही. शेवटी समोरचा कोणीतरी तो हिसकावून घेतो. अशा पोराला व्याख्यान देऊन काय उपयोग? रहीमसाहेबांनी व्याख्यान दिले नाही, स्पर्धा भरवली आणि स्पर्धेचा नियमच बदलला. चेंडू पायाशी खेळवत न्यायचाच नाही. आला की साथीदाराला दिला पाहिजे. आणखी एका प्रकारच्या स्पर्धेत ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचे. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायाने धडपडतो, लोक हसतात, तोही हसतो, आणि महिन्याभरात डावा पाय तयार होतो.

हे ऐकून आपल्याला खोखोची आठवण झाली असेल. खोखोत पाठलाग करणारा एकदा एका दिशेला निघाला की त्याला माघारी वळता येत नाही. गडी निसटून दुसऱ्या बाजूला गेला, तर बसलेल्या साथीदाराच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ द्यावाच लागतो. कितीही चपळ असला तरी नऊ जणांचे काम एकट्याला जमत नाही. तो नियमच त्याला साथीदाराकडे वळवतो. रहीमसाहेबांनी फुटबॉलमध्ये जणू हा ‘खो’ आणला. त्यांनी खोखो पाहून हे केले असे मी म्हणत नाही. पण ज्याला वर्गात चाळीस मुले सांभाळायची असतात त्याला अशा वाटा सुचतात. ज्या शाळांत एकच चेंडू आहे आणि मुले पन्नास आहेत, तिथल्या मास्तरांनी शनिवारी शाळा सुटायच्या आधी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. खर्च काही नाही.

१९५० साली रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. त्या काळी भारतात फुटबॉल म्हणजे कलकत्ता असे समीकरण होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग या बड्या नावांपुढे हैदराबादच्या पोलिसांना कोण विचारतो? पण मुंबईला कूपरेजच्या मैदानावर भरणारी रोव्हर्स करंडकाची स्पर्धा या पोलिसांनी १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकली. १८९१ साली सुरू झालेली ही जुनी स्पर्धा. आता ती भरत नाही, पण त्या पाच वर्षांत ज्या मुंबईकरांनी हैदराबादचा खेळ पाहिला, त्यांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे त्याचे वर्णन होते. चेंडू जमिनीवरून, झटपट, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि ज्याच्याकडे जायचा तो आधीच जागेवर हजर!

पोरे हेरण्यातही मास्तरांची नजर चालली. तुलसीदास बलराम हे पुढे भारताचे नावाजलेले खेळाडू झाले. घर सिकंदराबादेजवळ अम्मुगुडा गावी, परिस्थिती बेताची. रहीमसाहेबांनी त्यांचा खेळ पाहिला आणि सरावाला बोलावले. पण रोज इतक्या लांब हैदराबादला यायचे कसे? भाड्याच्या सायकलीसाठी रहीमसाहेब रोज एक रुपया देत, असे बलराम स्वतः सांगत. गुणी मुलगा नेमका कुठे अडतो आहे, बुद्धीत, अंगात की नुसत्या भाड्याच्या पैशांत, हे बऱ्याच वेळा शाळेत फक्त मास्तरांनाच समजते.

आता राष्ट्रीय संघाकडे येऊ. दिल्लीला १९५१ साली पहिले आशियाई खेळ भरले. रहीमसाहेब संघाचे प्रशिक्षक. अंतिम सामन्यात इराणवर १-० ने मात. गोल मेवालाल यांचा. सुवर्णपदक मिळाले, आनंद झाला. पण वर्षभरातच हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. आपला एकुलता एक गोल अहमद खान यांचा. फिनलंडची थंडी, ओले मैदान, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी! होय, अनवाणीच. आपल्याकडे तेव्हा पायाला पट्ट्या गुंडाळून खेळायची पद्धत होती. उन्हाळी, कोरड्या मैदानावर अनवाणी पायाला चेंडू जसा कळतो तसा बुटाला कळत नाही, असे खेळाडू म्हणत, आणि त्यात तथ्यही होते. १९४८ साली लंडनला फ्रान्सविरुद्ध आपण अनवाणीच झुंजलो आणि अवघ्या २-१ ने हरलो. तेव्हा लोकांनी कौतुक केले. त्या कौतुकाने आपले नुकसानच केले, असे मला वाटते. अनवाणी पायांचे गुणगान होत राहिले आणि हेलसिंकीच्या चिखलाने हिशेब चुकता केला. त्यानंतर मात्र अखिल भारतीय फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले.

पराभवानंतर दोष द्यायला माणूस शोधणे सोपे असते. रहीमसाहेबांनी दोष माणसात न शोधता मांडणीत शोधला. त्या वेळी आपल्याकडे मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच अशी जुनी मांडणी चाले. सारा जोर आघाडीवर, आणि घराचे दार उघडे. युरोपात ही रीत केव्हाच मागे पडली होती. रहीमसाहेबांनी मध्यातला एक खेळाडू मागे ओढून बचावात तीन केले. पुढे हंगेरीने १९५३ साली लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवून जगाला चकित केले. त्यांचा मधला आघाडीवीर पुढे उभा न राहता मागे येऊन चेंडू घेई आणि समोरच्या बचावाला चकवी. असे डावपेच रहीमसाहेबांनी बारकाईने अभ्यासले आणि आपल्या मुलांच्या अंगाला बसतील तसे बेतले. हैदराबादच्या मास्तराने हे कसे केले? वाचून, पाहून, पाटीवर आकृत्या काढून. प्रवासाची चैन नव्हती, दूरदर्शन नव्हते.

याचे फळ मेलबर्नला १९५६ साली दिसले. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली. मग यजमान ऑस्ट्रेलियाला आपण त्यांच्याच घरी ४-२ ने हरवले. त्यात मूळच्या गोव्याच्या, मुंबईच्या मैदानांवर नाव काढलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, त्यांच्यावर या वेळी पहिला गोल आपण केला, तोही डिसोझांनीच. शेवटी ४-१ ने हरलो ही गोष्ट खरी, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले. चौथा क्रमांक मिळाला. आशियातला कोणताही संघ तोवर ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचला नव्हता.

रोमचे १९६० चे ऑलिंपिक मी थोडक्यात सांगतो. हंगेरीकडून २-१ ने हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून ३-१ ने हार, आणि परत. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या संघात रहीमसाहेबांचा स्वतःचा मुलगा, सय्यद शाहीद हकीम, होता. संघ तीन सामने खेळला. हकीमना एकातही उतरवले नाही. बापाने मुलाला बाहेर बसवले याचे संघातल्या इतर पोरांच्या मनावर काय झाले असेल, याचा विचार आपणच करा. ज्या शाळेत हेडमास्तरांचा मुलगा शिकत असतो, तिथे मुलांचे डोळे कुठे असतात हे आपण जाणताच.

आता जाकार्ता. १९६२ चे चौथे आशियाई खेळ. इथे जरा थांबून सांगायला हवे, कारण मास्तरांची सारी शिदोरी इथेच उघडली.

आधी संघ पाहा. कर्णधार चुनी गोस्वामी आणि त्यांच्या जोडीला पी. के. बॅनर्जी, दोघे बंगालचे. बलराम आणि युसूफ खान हैदराबादचे. गोलरक्षक पीटर थंगराज सैन्यातून पुढे आलेले. चंद्रशेखर मेनन केरळचे. फोर्तुनातो फ्रँको गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे; आणि गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. जर्नैल सिंग लायलपूरकडचे. फाळणीच्या वेळी अकरा वर्षांचे असताना निर्वासित होऊन इकडे आलेले. बंगाली, तेलुगू, उर्दू, मलयाळम, कोंकणी, पंजाबी अशा एवढ्या भाषा एका खोलीत. भाषावार प्रांतांचे तंटे देशात नुकतेच होऊन गेले होते. आपल्या संयुक्त महाराष्ट्राचा लढा आपण विसरलेलो नाही. त्यात कलकत्त्याच्या बड्या क्लबांमधली वैरे ती वेगळीच! अशा मंडळींना एकाच थाळीत जेवायला बसवणारा हा हैदराबादी मुसलमान मास्तर, त्यांच्याशी आपल्या हैदराबादी उर्दूत बोलणारा. शिस्तीला अत्यंत कडक. नाव मोठे म्हणून कोणाला सूट नाही.

सुरुवातच वाईट झाली. दक्षिण कोरियाने पहिल्या सामन्यात २-० ने हरवले. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-० असे विजय मिळाले. पण मधेच जर्नैल सिंग यांचे डोके फुटले, कपाळाला टाके पडले. थंगराज तापाने आजारी. त्यांच्या जागी प्रद्युत बर्मन गोलात उभे. जर्नैल म्हणजे बचावाचा बुरूज. टाके घातलेल्या डोक्याने तो बचावात कसा उभा राहणार? दुसऱ्या कोणीही त्याला विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्याला उचलून थेट आघाडीवर नेले आणि बचावाच्या मधल्या जागी अरुण घोष यांना ठेवले. अरुण घोष यांनी ती जागा अशी सांभाळली की जर्नैलची उणीव भासली नाही. पण त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? दक्षिण व्हिएतनामविरुद्ध उपांत्य सामन्यात जर्नैलने गोल केला. दोन गोलांची आघाडी आपण घालवली, बरोबरी झाली, आणि शेवटी चुनी गोस्वामी यांच्या गोलाने ३-२ असा निभाव लागला.

याच सुमारास मैदानाबाहेर भलतेच पेटले होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. त्यावर आशियाई खेळांच्या संघटनेतले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी उघड हरकत घेतली. मग या खेळांना आशियाई म्हणता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा रास्त होता, पण जाकार्ताचे लोक खवळले. ३ सप्टेंबर रोजी जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला, आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामना! राग सोंधींवर, तो निघायचा पोरांवर. बसवरचा तिरंगा काढून ठेवावा लागला, आणि पगडीमुळे ओळखू येणारे जर्नैल सिंग बसमध्ये खाली बसून जात, असे खेळाडूंनी पुढे सांगितले आहे.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री मुलांना झोप येईना. एक उठला, दुसरा उठला, बाहेर अंधारात घोळका जमला. तिथे रहीमसाहेब आले. रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. मुलांना घेऊन फेरफटका मारायला निघाले. डावपेचांवर काही बोलले नाहीत. अंतिम सामन्याआधी मात्र त्यांनी मुलांकडे एक भेट मागितली, सुवर्णपदकाची. एवढेच मागणे. ज्याने बारा वर्षे फक्त दिले, तोंडाने कधी स्तुतीही फारशी केली नाही, तो माणूस प्रथमच काही मागत होता. चुनी गोस्वामी ही आठवण म्हातारपणापर्यंत सांगत.

सेनायानच्या स्टेडियमवर लाखभर लोक, बहुतेक सारे आपल्याविरुद्ध. आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडाली. आपल्या बाजूने ओरडणारे थोडके, आणि त्यांत आदल्याच दिवशी हॉकीच्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवलेले पाकिस्तानचे हॉकीपटू होते, असे आपले खेळाडू सांगत. समोर तोच दक्षिण कोरिया. थंगराज बरे होऊन गोलात परतले होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, आणि तो केला जर्नैल सिंग यांनी, टाके घातलेल्या कपाळानिशी. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण २-१ ने सामना आपला झाला. ज्या संघाकडून आपण पंधरवड्याच्या आत २-० ने हरलो होतो, त्याच संघावर!

या विजयात सगळा वाटा प्रशिक्षकाचा होता, असे म्हणणे बरोबर नाही. चुनी, पी. के. आणि बलराम यांच्यासारखे तिघे एका वेळी मिळणे हे भाग्यच. पण रोमलाही हे तिघे होतेच. फरक इतकाच की जाकार्ताला माणसे आपापली जागा सोडायला तयार झाली. बचावातला पुढे गेला, त्याची जागा दुसऱ्याने घेतली, आजाऱ्याच्या जागी तिसरा उभा राहिला, आणि बरा झालेला परतला तेव्हा बर्मननी जागा सोडली. एखाद्या गावच्या संघात एवढ्या अदलाबदली तीन दिवसांत केल्या तर निम्मे खेळाडू रुसून घरी बसतील. ते का रुसले नाहीत, याचे उत्तर जाकार्तात नाही. हैदराबादच्या त्या वेगळ्या नियमांच्या स्पर्धांत आणि रोमला बाकावर बसलेल्या हकीममध्ये ते आहे.

रहीमसाहेब मात्र फार दिवस राहिले नाहीत. कर्करोगाने त्यांना गाठले आणि ११ जून १९६३ रोजी ते गेले. वय अवघे त्रेपन्न. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली, म्हणजे बावीस वर्षांनी. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला २०२४ मध्ये, आणि तेव्हा कुठे पुष्कळांना त्यांचे नाव कळले. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी दोघेही २०२० साली, हकीम २०२१ मध्ये आणि बलराम २०२३ मध्ये निवर्तले.

त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला एक कांस्य तेवढे मिळाले. त्या संघाचे कर्णधार होते सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचे. आणि प्रशिक्षकांत एक होते पी. के. बॅनर्जी.